काळ्या बिअरचं निशाण

हा-खोआबाने, सेमोन्कोंगच्या वर
६ एप्रिल

तेबेलो, माझ्या भावाच्या लेकरा,

शांती असो. मी अजून जिवंत आहे, तुमचं काय ते कळव. गुडघा दुखतो, पण त्याला विचारतंय कोण. माझी लेक लिबुसेंग डर्बनहून फोन करते म्हणे, पण तो घ्यायला वरच्या टेकाडावर चढावं लागतं आणि मी चढेपर्यंत पोरगी दवाखान्यात कामाला निघून जाते. म्हणून आपलं पत्रच बरं. हे बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. परत आलास की माझी जोआला प्यायला मिळेल असं त्याला सांगितलंय, त्यामुळे पत्र हरवायची त्याची हिंमत नाही.

आता कामाचं. नाताळात आला होतास तेव्हा तू बढाया मारत होतास की ऑफिसातल्या मित्रांबरोबर तू घरी काळी बिअर बनवतोस. स्टाउट का काय ते. मी तेव्हा तुझं ऐकत नव्हते. आता ऐकते आहे. ती कशी करतात ते सविस्तर लिही.

लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी ज्वारीची बिअर, आपली जोआला, करते हे तुला ठाऊक आहे. माझ्या दारात पांढरं निशाण चढलं की माणसं औत सोडून येतात. ज्वारी कमी पडून मका जास्त घातला तर मी पिवळं निशाण लावते, उगाच कुणी फसवलं म्हणायला नको. ओढ्यापलीकडची मा-तुमेलो मक्याच्या बिअरवर पांढरं लावायची, आठवतंय ना? पण काळी बिअर मला येत नाही, आणि न येणारी गोष्ट मला झोपू देत नाही.

का हवी आहे असं विचारू नकोस. चर्चच्या बायकांना काहीतरी नवीन शिकायचं आहे.

पुलेंगला माझा नमस्कार. ती तुला जेवायला घालते ना नीट?

तुझी आत्या,
मा-लिबुसेंग


थेत्साने, मासेरू
२० एप्रिल

आत्या,

शांती असो. आम्हीही जिवंत आहोत.

चर्चच्या बायका स्टाउट शिकणार हे मी पुलेंगला मोठ्यानं वाचून दाखवलं. तुमच्या मंडळाच्या बायका दारूचं नाव काढलं तरी छातीवर क्रूस करतात, आणि आता त्या फेस मोजणार? पण मला कळलं काय ते. ओढ्यापलीकडे मा-तुमेलोनं दुकानात फ्रिज आणलाय, बाटलीतली स्टाउट विकते आहे, तुझी गिऱ्हाइकं तिकडे वळली आहेत आणि तुला तिचं नाक कापायचं आहे. धंदाच आहे, त्यात लाजायचं काय?

तर नीट ऐक. स्टाउटचा पाया म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. तू ज्वारीला मोड आणतेस तसंच. काळा रंग येतो तो कडक भाजलेल्या बार्लीनं. कॉफीच्या बियांसारखी काळी करायची, कोळसा करायचा नाही. हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालायचं आणि वाट बघायची. एवढ्यावर स्टाउट होते. पण खरी कला आहे ती वरून घालायच्या धान्यात. ओटचे पोहे घातले की बिअर सायीसारखी गुळगुळीत होते. कच्च्या बार्लीचे पोहे घातले की फेस दाट येतो आणि टिकतो. मका घातला की अंग हलकं होतं, दुसरा मग सहज जातो. गहू घातला तरी फेस वाढतो. आमच्या मंडळात याच्यावरून भांडणं होतात. ओट किती घालावे यावरून एक इंजिनिअर दुसऱ्याच्या बहिणीच्या लग्नाला गेला नाही.

सोबत मोडाची भरडलेली बार्ली, फुलं, यीस्ट आणि एक थर्मामीटर पाठवतो आहे. तो जपून वापर, काचेचा आहे. ओट तुमच्याकडे घोड्यांसाठी पिकतातच. ते घाल, आणि हात आखडता घेऊ नकोस.

मी आता या कलेत बराच पुढे गेलो आहे. काही अडलं तर निःसंकोच विचार.

तुझा,
तेबेलो

ता. क. आत्या, मी पुलेंग. पाकीट चिकटवायच्या आधी दोन ओळी लिहिते. हे बरेच पुढे गेले आहेत हे खरं. परवा बाटल्या फुटल्या, त्या स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत गेल्या. छतावर जो नकाशा उमटलाय तो अजून निघालेला नाही. आणि चर्चच्या बायकांवर माझा विश्वास नाही. त्यांचं नाव काय?


हा-खोआबाने
१८ मे

तेबेलो, माझ्या मेल्या भावाच्या अतिशहाण्या पोरा,

तुझ्या तोंडात कोणी ओट कोंबले तर मी त्याला आशीर्वाद देईन.

हात आखडता घेऊ नकोस म्हणालास. मी नाही घेतला. गुळगुळीत हवी तर होऊ दे गुळगुळीत म्हणून खळ्यातले अख्खे ओट कुटून घातले, मका घातला, गहूही घातला, आणि तुझी बार्ली पुढच्या खेपेला राहावी म्हणून मूठभरच टाकली. ढवळायला घेतलं तर डाव उभाच राहिला. हात सोडला तरी उभा. गवताच्या गाळणीत घातलं तर गाळणीच्या पोटाला टरकन चीर गेली. ती गाळणी माझ्या सासूच्या हातची होती. मी चाखून बघितलं, गोडीचा पत्ता नाही. लापशी होती, आणि तीही आजाऱ्याला देऊ नये अशी. सगळं घरामागे ओतून दिलं.

त्यानंतर काय झालं ते सांगते. न्ताते सेखोबेंचा तांबडा घोडा आहे ना, कप्तान? तो दावं तोडून आला आणि ते सगळं चाटूनपुसून खाऊन गेला. न्ताते सेखोबे म्हणजे ते, वेल्कमच्या सोन्याच्या खाणीतून परत आलेले, ओढ्यापलीकडे राहतात. उंच आहेत. खाणीत असल्यापासून त्यांना बाटलीतल्या स्टाउटची सवय लागली, जोआलाला हात लावत नाहीत, म्हणून इतकी वर्षं माझ्या अंगणात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. ते घोडा शोधत आले. म्हणाले, "मा-लिबुसेंग, माझ्या घोड्याला काय खायला घातलंत? तो घरी यायला तयार नाही."

मी म्हटलं, "न्ताते, घोड्याला चव कळते. मालकाचं मला माहीत नाही."

हसले. दात चांगले आहेत अजून. न्ताते सेखोबे दुसऱ्या दिवशीही आले, कारण घोडा पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. न्ताते सेखोबे म्हणतात की या घोड्याला पूर्वी असली खोड नव्हती.

तू नीट लिही. माझं काय चुकलं?

आत्या


थेत्साने
२ जून

आत्या,

चुकलं काय? सगळंच चुकलं! धान्याच्या पोटात नुसतं पीठ असतं. त्या पिठाची साखर झाली तर यीस्टला खायला मिळतं, आणि ती साखर करायची ताकद फक्त मोड आलेल्या धान्यात असते. ओट, मका, कच्चा गहू हे सगळे पाहुणे. बसून खाणार, कामाला हात लावणार नाहीत. घरात कमावतं माणूस नको का? ती माझी बार्ली होती. तिलाच तू मूठभर टाकलंस आणि पाहुण्यांनी घर भरून टाकलंस. मोडाचं धान्य जास्त, पाहुणे कमी, हा नियम. ओट तर दहा मुठीत एक मूठ पुरे. मक्याचा भरडा आधी वेगळा शिजवून घ्यायचा, नाहीतर तो कच्चाच राहतो. ओटची टरफलं काढून, वाफवून पोहे करून घ्यायचे. आणि गरम पाण्यात धान्य भिजवलंस की वर घोंगडी टाकून ठेव, थर्मामीटरवर मी लाल दोरा बांधलाय तिथंच पारा राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट. तो सेखोबे म्हातारा मला बरा वाटत नाही. तुझ्या चोथ्यावर फुकटात घोडा पोसतोय. आज घोडा आला, उद्या गाय येईल. कुंपण घालून घे. माणसं अशीच अंगणात शिरतात.

तेबेलो

ता. क. आत्या, "मोडाचं धान्य जास्त" हे वाक्य यांच्या आधीच्या पत्रात कुठेच नव्हतं. मी त्याची नक्कल ठेवली आहे. वाचून दाखवल्यावर हे अंगणात जाऊन उभे राहिले. बाकी, कुंपण घालू नका. ते विधुर आहेत का? – पुलेंग


हा-खोआबाने
२५ ऑगस्ट

तेबेलो आणि विशेषतः पुलेंग,

जिवंत आहे. बर्फानं रस्ता बंद होता, बस वर आलीच नाही, म्हणून पत्र नाही. मेंढ्या वाचल्या. मा-तुमेलोच्या फ्रिजला मात्र थंडीत काही काम उरलं नाही, बाटल्या नुसत्या दाराबाहेर ठेवल्या तरी गोठत होत्या, एवढंच समाधान.

पुलेंग, हो. विधुर आहेत.

तेबेलो, तू खाली बस आणि मग वाच. मला काळी बिअर धंद्यासाठी नको आहे. चर्चच्या बायकांना तर नकोच आहे, त्यांना सांगू नकोस. मला सेखोबे माझ्या अंगणात बसायला हवे आहेत. घोड्याच्या निमित्तानं उभ्याउभ्या नव्हे, बसायला. रोज संध्याकाळी ते मा-तुमेलोच्या ओसरीवर खुर्चीत बसतात, ती त्यांच्यापुढे बाटली उघडते आणि उघडताना जे हसते ते मला ओढ्याच्या अलीकडून दिसतं. तुझे आतोबा गेल्यावर मला वाटलं होतं की आता कोणी आलं काय आणि गेलं काय. तसं नाही. घोड्याच्या टापा ऐकल्या की मी डोक्याचा रुमाल बदलते. आता हस हवं तर.

बिअर दुसऱ्यांदा केली. तुझ्या नियमानं केली, सगळं जमलं, रंगही आला. पण यीस्ट घालताना हाताला जुनी सवय, मी जोआलाचं आंबट विरजण पण घातलं. सेखोबेंना पहिला मग दिला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाले, "मा-लिबुसेंग, हे जोडे चकचकीत करायला फार चांगलं आहे." आणि तरी मग संपवला. सगळा. त्या माणसाला लाज राखता येते.

पण आता ऐक. त्यांची वेल्कमला राहणारी मुलगी नाताळाच्या आधी गाडी घेऊन येणार आहे त्यांना कायमचं न्यायला. म्हातारा माणूस एकटा डोंगरात राहतो, लोक काय म्हणतील, असं तिचं म्हणणं. त्यांना जायचं नाही. पण "राहा" असं इथं त्यांना कोणी म्हटलेलं नाही, आणि मुलीला सांगायला त्यांच्याकडे कारण नाही. "मला घोडा आहे" असं म्हणाले तर ती म्हणते घोडा विका. मीही कशी म्हणू? मी विधवा बाई, साठीला टेकलेली, गावाला तोंड दाखवायचं आहे मला.

तिसऱ्यांदा चुकायला वेळ नाही. सामान पाठव. आणि एक सांग, या बिअरला निशाण कुठलं लावू? ज्वारी आहे म्हणून पांढरं, मका आहे म्हणून पिवळं. ओटला काय? हिरवं लावलं तर लोक भाजी मागायला येतील.

आत्या


थेत्साने
१० सप्टेंबर

आत्या,

आधी मी काय लिहिलं होतं ते लिहीत नाही. पुलेंगनं तो कागद चुलीत घातला आणि मला म्हणाली, तुझ्या आत्यानं तुला वाढवलं तेव्हा तिला कोणी विचारलं होतं का, या वयात पोर कशाला? मग मी पुन्हा खाली बसलो. आत्या, मला बरं वाटलं. थोडं विचित्र वाटलं, पण बरं वाटलं. आतोबांनाही वाटलं असतं, त्यांना रिकामी खुर्ची आवडायची नाही.

सगळं सामान दुप्पट पाठवतो आहे. मोडाची बार्ली सगळ्यात जास्त. तुझी मोडाची ज्वारी ओंजळभर घाल, तिच्यानं आमच्या स्टाउटला नसतो असा मातीचा वास येतो, आणि ते तुझं असेल. मका शिजवून, ओटचे पोहे मूठभर. आणि देवाशप्पथ, आंबट विरजणाचं मडकं शेजारणीकडे नेऊन ठेव. बाटल्यांत भरायची घाई करू नकोस. बुडबुडे पूर्ण थांबू देत. या बाबतीत मी अनुभवी आहे.

निशाणाचं काय विचारतेस! पांढरं, पिवळं, हिरवं सगळं एकदम लावलंस तर राजाचा वाढदिवस आहे असं वाटेल. काळी बिअर, मग काळंच लाव की. लांबून दिसेल.

तेबेलो

ता. क. छताला रंग दिला. मग पुन्हा बाटल्या फुटल्या. – पुलेंग


हा-खोआबाने
१२ ऑक्टोबर

तेबेलो,

घाईत लिहिते, बस हॉर्न वाजवते आहे. झाली. काल पहिली बाटली उघडली. फेस असा वर आला की मी बाटलीला हात जोडले. आंबट नाही. कडू आहे पण घशात टोचत नाही, आणि शेवटी ज्वारीची चव येते. मी एक पूर्ण बाटली प्यायले आणि एकटीच गायले.

तुझ्या आतोबांच्या वेळचं काळं कापड पेटीत आहे. त्याचंच निशाण करते. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी लावीन, लोक गावात असतात तेव्हा.

आत्या


थेत्साने
३१ ऑक्टोबर, बसस्टँडवर लिहिलं

आत्या, थांब!!

तुझं पत्र आज मिळालं. ड्रायव्हरच्या मेहुणीचं लग्न होतं म्हणून ते त्याच्या खिशात पडून होतं. निशाणाचं मी थट्टेनं लिहिलं होतं! थट्टेनं! काळं कापड दारावर लागलं की लोक काय समजतात तुला माहीत नाही का? घरात मयत झाली असं समजतात! आणि त्या घरात तू एकटी राहतेस. मग मेलं कोण, असं वाटेल त्यांना?

पांढरं लाव. पिवळं लाव. काहीही लाव. पुलेंग माझ्याशी बोलत नाही आहे. हे पत्र मी ड्रायव्हरच्या हातात देऊन बस हलेपर्यंत इथंच उभा राहणार आहे.

तेबेलो


हा-खोआबाने
१० नोव्हेंबर

तेबेलो,

शांती असो. मी अजून जिवंत आहे, आणि या वेळी हे वाक्य मी सवयीनं लिहिलेलं नाही.

तुझं घाबरं पत्र सोमवारी आलं. निशाण शनिवारी लागलं होतं.

सकाळी काठीवर काळं कापड चढवलं, बाटल्या सावलीत मांडल्या आणि बकऱ्यांना पाणी पाजायला गोठ्यामागे गेले. बाहेर येते तर वरच्या वाडीतून रडण्याचा आवाज. मला वाटलं, अरे देवा, कोण गेलं? मग रडणं जवळ यायला लागलं. ओढ्याकडून बायका लाकडं डोक्यावर घेऊन, मक्याचं पीठ घेऊन, स्तोत्र म्हणत येत होत्या. मागून पुरुष, खांद्यावर कुदळी आणि फावडी. कुणाच्या तरी हातात मेंढरू. सगळ्यात पुढे मा-तुमेलो, आणि काय सांगू तुला, इतकं सुंदर रडत होती ती! "माझी बहीण गेली, आता मी कुणाशी भांडू?" असं म्हणून छाती बडवत होती. मला फार वाईट वाटलं तिच्यासाठी. मी गोठ्याच्या भिंतीआड तशीच बसले. बाहेर यायला हवं होतं, मान्य आहे. पण माणसाला स्वतःच्या मयताला हजर राहायला कितीदा मिळतं?

माझ्याबद्दल चांगलं बोलत होते सगळे. माझी जोआला जिल्ह्यात पहिली, असं म्हणत होते. जिवंतपणी म्हणायला काय झालं होतं मेल्यांना?

मग कप्तान आला. खोगीर नाही, काही नाही, आणि वर सेखोबे. ब्लँकेट उलटं पांघरलेलं, आतली बाजू बाहेर. माणूस उतरला की पडला ते मला कळलं नाही. हातात त्यांचं ते चांगलं ब्लँकेट होतं, कणसांच्या नक्षीचं, जे त्यांनी स्वतःच्या मरणासाठी राखून ठेवलंय हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणाले, "हिला यात गुंडाळा. आणि खड्डा मी खणणार, कोणी फावड्याला हात लावायचा नाही." आणि मग सगळ्यांसमोर, पाद्रीबाबांसमोर, मुखियासमोर, मा-तुमेलोसमोर, तो उंच माणूस रडला. म्हणाला, "मी रोज घोड्याला मुद्दाम सोडत होतो. घोडा दावं तोडत नव्हता. मला तिला सांगायचं होतं की मी इथं राहतो तो तिच्यासाठी, आणि मी नुसतं बिअरला नावं ठेवत बसलो."

तेबेलो, मी उठले, झगा झटकला आणि भिंतीआडून म्हटलं, "न्ताते, मग आता सांगा."

पाद्रीबाबा विहिरीच्या काठावर बसले. मा-तुमेलो किंचाळून मागच्या बाईवर पडली, मग उठली आणि मला अशी शिवी दिली की ती मी लिहीत नाही. फावडी जमिनीवर पडल्याचा आवाज अजून कानात आहे. सेखोबेंनी ते चांगलं ब्लँकेट माझ्या खांद्यावर टाकलं आणि पिन लावली. ती मला टोचली.

मग मुखिया भडकला. गावाला फसवलं, निशाणाचा अपमान केला, मेंढराचा गळा जवळजवळ कापला गेला! मी म्हटलं, निशाण खोटं नाही, काळी बिअर आहे, चाखा. त्यानं निवाडा द्यायच्या आधी एक मग चाखला. मग म्हणाला एकावरून नीट कळत नाही. शेवटी सगळ्यांच्या देखत निवाडा दिला की हिच्यात ज्वारी आहे आणि मका आहे, म्हणून पांढरं आणि पिवळं एकाखाली एक लावायचं, आणि काळं कापड जाळायचं. ओटचा प्रश्न त्यानं पुढच्या बैठकीवर ढकलला. मयताला आणलेलं पीठ आणि लाकडं परत नेणं बरं दिसत नाही, म्हणून तिथंच चूल पेटली. एकही बाटली उरली नाही. मा-तुमेलो चार प्यायली आणि म्हणाली की फ्रिजमध्ये ठेवली असती तर बरी लागली असती.

तुझी थट्टा मला चांगलीच भोवली बरं का, पोरा. विचार कर जरा.

आत्या


थेत्साने
२० नोव्हेंबर

आत्या,

मी काय लिहू? तुझं काही बरंवाईट झालं असतं, धसक्यानं त्या पाद्रीबाबांना काही झालं असतं, तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? मी यापुढे पत्रात एकही विनोद लिहिणार नाही. पुलेंगनं माझ्या बादल्या अंगणात उलट्या घालून ठेवल्या आहेत. मला क्षमा कर. मुखियाला, मेंढराच्या मालकाला, सगळ्यांना माझ्यातर्फे क्षमा माग. आणि सेखोबे आजोबांना, म्हणजे आतोबांना, म्हणजे त्यांना मी काय म्हणायचं तेही कळव.

तुझा शरमिंदा,
तेबेलो

ता. क. आत्या, हे खरंच रडले. पण मला एक कळत नाही. आतोबा गेले तेव्हा तुम्ही वर्षभर काळं नेसला होतात ना? – पुलेंग


हा-खोआबाने
१५ डिसेंबर

तेबेलो, आणि माझ्या हुशार सुने पुलेंग,

तेबेलो, डोळे पूस. पुलेंगच्या लक्षात आलंय. वर्षभर काळं कापड अंगाला लावून मी या गावात फिरले, आणि त्या कापडाचा अर्थ मला तू सांगणार होतास? तुझं "काळंच लाव की" वाचलं तेव्हा मी एकटीच इतकी हसले की बकऱ्या उठून उभ्या राहिल्या. मला बघायचं होतं की कोण कसं येतं. म्हणजे सगळे नाही, एकच. सरळ विचारायची सोय नव्हती, आणि नाताळ जवळ आला होता. शिवाय काही बिनसलं असतं तर दोष द्यायला तू होतासच. त्यासाठी भाचे असतात.

हे मी महिनाभर पोटात ठेवलं. मग राहवेना. मागच्या रविवारी सेखोबे अंगणात बसले होते, त्यांच्या खुर्चीत. ती खुर्ची त्यांनी मा-तुमेलोच्या ओसरीवरून उचलून आणली, कारण तिला त्यांच्या पाठीची सवय झाली होती म्हणे. ती द्यायला तयार नव्हती, शेवटी स्टाउटमध्ये काय-काय धान्य घालते ते सांगेन म्हणून मी कबूल केलं. अर्धंच सांगितलं आहे, आणि वर ते आंबट विरजणाचं मडकं तिला देऊन टाकलं.

तर मी म्हटलं, "न्ताते, तुम्हाला एक सांगायचं आहे. मला माहीत होतं. काळ्या निशाणाचं. मुद्दाम लावलं मी."

त्यांनी मग खाली ठेवला. मला वाटलं आता घोडा मागतात की काय.

म्हणाले, "मा-लिबुसेंग, मी वरच्या वाटेनं आलो. घोड्यावर बसलेल्या माणसाला गोठ्याच्या भिंतीपलीकडचं दिसतं. तुम्ही तिथं उकिडव्या बसून तोंडात रुमाल कोंबून हसत होतात."

मी म्हटलं, "मग रडलात कशाला?"

"तुम्हाला वाटलं तुम्हाला एकटीलाच सरळ बोलायची लाज वाटते? एवढं गाव जमलेलं. त्यात मुलीच्या कानावर घालायला गावाइतकी चांगली सोय नाही. मला कारण हवं होतं, ते तुम्ही काठीला बांधून दिलंत." मग म्हणाले, "पण सुरुवातीला, ओढ्यापासून टेकाडापर्यंत, तुम्ही दिसत नव्हता. तेवढं रडणं खरं होतं."

तेबेलो, मी त्यानंतर आत गेले आणि कणीक मळत बसले. कणीक नको होती. त्या दिवशी कुणी जेवायला येणार नव्हतं.

त्यांना तू न्तातेच म्हण, कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला म्हणतोस तसं. सध्या तेवढं पुरे, पुढचं पुढे बघू.

काल त्यांची मुलगी आली, सामानाला मोठी गाडी घेऊन. ओढ्यावर बायकांनी तिला अडवून सगळं सांगितलं, मीठमसाला लावून. इथं आली तेव्हा ती माझ्याकडे फार वेळ बघत होती, मग ब्लँकेटाकडे, मग बापाकडे. सेखोबेंनी तिला मग भरून दिला. ती उभ्याउभ्याच प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "मा-लिबुसेंग, याच्यात ओट आहेत का?"

मी म्हटलं, "मूठभर."

"तरीच. बाबांचं संध्याकाळी पोट जड होतं. थोडे कमी घालत जा." एवढं म्हणून तिनं ड्रायव्हरला हाक मारली, मागच्या सीटवर मी दिलेलं नव्या खेपेच्या बाटल्यांचं खोकं नीट पक्कं बांधायला सांगितलं, आणि मोठी गाडी बाकी रिकामीच घेऊन खाली उतरून गेली.

तुमची आत्या,
मा-लिबुसेंग